काच काही निवेना

थंड करण्याच्या बाबतीत आपल्याला कोणी शिकवू नये, असं सोमनाथ घडशीचं ठाम मत होतं. अकरा वर्षं दुबईत, देऱ्यातल्या इमारतींचे एसी दुरुस्त करून त्याने सोन्याच्या दुकानांपासून दाटीवाटीच्या खोल्यांपर्यंत सगळ्यांना गार केलं होतं. त्यामुळे विद्यापीठाच्या फिजिक्स लॅबमध्ये टेक्निशियनची जागा निघाली, तेव्हा मुलाखतीत त्याने छातीठोकपणे सांगितलं, "मॅडम, काय थंड करायचं ते फक्त बोला. होऊन जाईल."

मॅडमना, म्हणजे डॉ. नबिलांना, नखाएवढा काचेचा तुकडा थंड करायचा होता. किती? तर ज्याच्या खाली थंडी शिल्लकच राहत नाही, जवळजवळ तिथपर्यंत. शून्याखाली दोनशे त्र्याहत्तर अंश! सोमनाथने आजवर सोळाच्या खाली गेलेला रिमोट पाहिला नव्हता. पण तो मान डोलावत राहिला. मॅडम काचेच्या स्वभावाबद्दल बराच वेळ काहीतरी सांगत होत्या आणि त्याचं सगळं लक्ष कोपऱ्यातल्या पंपावर होतं.

सहा महिने ट्रायल होती. हा पहिला प्रयोग नीट झाला तर नोकरी कायम, पगारात वाढ आणि दर्शनाचा फॅमिली व्हिसा. लग्नाला चार वर्षं झाली तरी त्यांचा संसार फोनवरच चालला होता. देवरुखला दर्शना बॅग भरून बसली होती. तिने कुकरही त्यात कोंबला होता.

काच मशीनमध्ये बसवायचा दिवस नेमका खंडेनवमीचा निघाला. आता हत्यारांची पूजा न करता काम सुरू करायचं म्हणजे सोमनाथला अंघोळ न करता लग्नाला गेल्यासारखं वाटलं असतं. उदबत्ती लावली तर फायर अलार्म वाजेल, हे त्याला कळत होतं. म्हणून त्याने पान्याला बोटभर हळदकुंकू लावलं, मशीनच्या आतल्या तांब्याच्या ताटलीवर पाच अक्षता वाहिल्या, हात जोडले, आणि चिमट्याने अक्षता उचलून घेतल्या. झाकण बसलं, पंप सुरू झाला. मग त्याने कागदावर काढलेल्या अक्षता मोजल्या. चार.

पुन्हा मोजल्या. चारच.

झाकण उघडलं तर प्रयोग गेला. न उघडावं, तर तांदळाचा दाणा आत! एक दाणा काय करणार, असं म्हणून सोमनाथने गप्प बसायचं ठरवलं. दाण्याने काय केलं ते तिसऱ्या दिवशी स्क्रीनवर दिसलं. तांब्याची ताटली मुकाट थंड झाली होती, काच मात्र निवायचं नाव घेईना. ती कुठून तरी उष्णता सोडतच होती. अगदी थोडी, पण थांबत नव्हती.

त्याने पाइप गुंडाळले. खोलीचा एसी सोळावर नेला. धक्का लागू नये म्हणून दारावर कागद लावला, की आत कोणी बूट घालून येऊ नये आणि मोठ्याने बोलू नये. दोन दिवसांत परिणाम असा झाला, की सफाईवाले दाराशी चपला काढू लागले आणि पीएचडी करणारी अस्मी, जी शारजात वाढली होती आणि मराठीचं उत्तर इंग्रजीत द्यायची, ती मशीनपुढून मान खाली घालून जाऊ लागली. काच ढिम्म.

सहाव्या दिवशी त्याने दर्शनाला फोनवर सगळं सांगितलं. ती रागावेल असं त्याला वाटलं होतं. पण ती म्हणाली, "अहो, मॅडमना खरं सांगून टाका. व्हिसा नाही मिळाला तर नाही मिळाला. मी कुकर बाहेर काढते."

त्या कुकरनेच त्याला पाझर फुटला. तो तडक मॅडमसमोर उभा राहिला आणि पान्यापासून पाचव्या अक्षतेपर्यंत सगळं कबूल केलं.

नबिला मॅडम आधी दाण्यावर चकित झाल्या आणि मग हसायलाच लागल्या. काच उष्णता सोडते हेच तर त्यांना मोजायचं होतं, आणि पहिल्या दिवशी त्यांनी तेच समजावलं होतं! स्फटिकात अणू प्रार्थनेच्या रांगेत उभे असतात. काचेत जो जिथे सापडला तो तिथेच गोठतो. त्यातले काही अवघडलेले अणू इतक्या थंडीतही हळूच कूस बदलतात आणि दरवेळी चिमूटभर उष्णता सोडतात. कोणाला मिनिट लागतं, कोणाला आठवडा. मात्र आत दाणा असताना आकडे कोण मानणार? मशीन उघडावंच लागणार होतं.

मशीन गरम करून उघडलं. ताटलीवर दाणा नव्हता. तळाशी नव्हता, स्क्रूंच्या खाचांत नव्हता. सगळे वाकून बॅटरीने शोधत असताना अस्मी सोमनाथकडे टक लावून पाहू लागली.

"काका," ती म्हणाली, "युअर आयडी कार्ड."

कार्डाच्या मागच्या चिकटपट्टीला चिकटून कुंकू लागलेला तांदळाचा एक दाणा गेले नऊ दिवस सोमनाथच्या छातीवर लटकत होता.

सोमनाथला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. पण मॅडम म्हणाल्या, प्रयोग दुसऱ्यांदा करायचाच होता. तो केला. काचेने पुन्हा तेवढीच उष्णता सोडली, आकडे जुळले, आणि मॅडमनी कायम नोकरीच्या पत्रावर सही केली. चूक स्वतःहून सांगणारा माणूस त्यांना हवा होता, असं त्या सही करताना म्हणाल्या. सोमनाथ जिन्यात जाऊन रडला, आणि मग त्याने दर्शनाला फोन केला.

जूनमध्ये दर्शना कुकरासकट अल बर्शातल्या फ्लॅटवर आली. जगातल्या सगळ्यात थंड खोलीच्या गोष्टी सोमनाथने तिला विमानतळापासून ऐकवल्या होत्या. दार उघडलं तर आत भट्टी. एसीतून गरम वारा येत होता. "दहा मिनिटं," म्हणत त्याने तो खोलला, आणि संध्याकाळपर्यंत सगळे सुटे भाग वर्तमानपत्रावर मांडून ठेवले. शेवटी बिल्डिंगच्या मेकॅनिकला फोन गेला. तो म्हणाला, उद्या येतो, इन्शाल्ला.

दर्शना कायम नोकरीच्या पत्राने वारा घेत बसली होती. तिने वर्तमानपत्रावरच्या पसाऱ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि उठून स्वयंपाकघरात गेली. परत आली तेव्हा तिच्या मुठीत तांदूळ होते.

"मोजून पाच आणलेत," ती म्हणाली. "या वेळी उचलायला मी आहे."