गवळी सर आणि पाचवी जोडी

पाया पडायला वाकलेल्या नवरा-नवरीला आमचे गवळी सर आशीर्वाद देत नाहीत. विचारतात, "तुमच्यात अंतर किती? गळती किती?" अंथुर्ण्याच्या एका लग्नात नवरदेवाने घाबरून वर मांडवाच्या कापडाकडे पाहिलं होतं.

सर सणसरहून रोज एसटीने बारामतीला येतात आणि आम्हाला कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतात. उजेड कुठून कुठे जातो आणि वाटेत किती मुरतो, यापलीकडे त्यांना विषय नाही. प्रयोगशाळेच्या दुरवस्थेवर मी पत्रक काढलं होतं : 'प्रयोगशाळेत अंधार!' सरांनी ते लाल पेनाने तपासून परत दिलं. "किती अंधार? मोजलास का? मोजल्याबिगर भांडू नगंस."

यंदा त्यांनी पुण्याहून काचेची एक पट्टी मागून आणली. तिच्यात केसाहून बारीक वाटांच्या पाच जोड्या. एका वाटेत लेझर सोडला की उजेड शेजारच्या वाटेत झिरपतो, पुन्हा परततो. "उसाच्या दोन सऱ्या समजा," सर म्हणाले. प्रत्येक जोडीतली दुसरी वाट आधीच्या जोडीपेक्षा जास्त उजेड गिळणारी. पहिल्या वाटेच्या टोकाला किती उरतो, ते मोजायचं.

तिसऱ्या जोडीपर्यंत आकडे उतरत गेले. चौथीला चढले. पाचवीला आणखी.

"सर, मीटर बिघडलं," माझी जोडीदार कोमल म्हणाली. "शेवटचे दोन आकडे गाळू?"

"खबरदार! आलंय ते लिव."

त्यांनी स्वतः तीनदा मोजलं. तेच आलं. मग ते स्टुलावर बसले. "शेजारची वाट लईच गिळाया लागली, की उजेड तिकडं जायचंच सोडतो. आपल्याच वाटेत ऱ्हातो."

शेवटच्या दोन आकड्यांखाली त्यांनी लाल पेनाने रेघ मारली.

"माझी मीरा दोन महिने झालं नवऱ्यापासनं येगळी ऱ्हातीया," ते अचानक म्हणाले. "मला बावड्याच्या पाव्हण्यांकडनं कळलं. गेल्या साली तिची नोकरी गेली, तवा मी आठ दिस धड जेवलो न्हाय. पोरगीच मला समजावत बसली. आता कशाला सांगंल ती?"

कोमलने लेझर बंद केला. सरांनी तिथूनच फोन लावला.

"मीरा, मला समदं ठावं हाय. तू बोल. मी रडणार न्हाय."

पलीकडचं आम्हाला ऐकू येत नव्हतं. सर अर्धा तास नुसतं "व्हय... व्हय" म्हणत राहिले. डाव्या हाताने टेबलाची कड घट्ट धरलेली. आवाज एकदाही फुटला नाही.

फोन ठेवून ते म्हणाले, "रविवारी येतीया," आणि मगच त्यांनी चष्मा काढला.