चक्की को फोन लगाओ

गारखेड्यात आमच्या गल्लीच्या टोकाला मुनीरभाईंची पिठाची गिरणी आहे. गेला महिनाभर हे गृहस्थ गालात अख्खी सुपारी धरून फोनशी भांडत होते. आणि हा माणूस पान-तंबाखूला कधी शिवलेला नाही.

दळणाला जाताना मी चिठ्ठी नेते: आधी ज्वारी पाच किलो, बारीक, मग गहू. मुनीरभाईंचं हे वागणं मात्र माझ्या कुठल्याच चिठ्ठीत बसेना. गिरणी धडधडते आहे, हात कोपरापर्यंत पिठानं पांढरे, फोन समोरच्या खुंटीला टांगलेला, आणि हे अर्ध्या तोंडानं ओरडताहेत, "चक्की को फोन लगाओ!"

फोन गप्प.

दुसऱ्या दिवशी फोन तेलाच्या कापलेल्या डब्यात. तिसऱ्या दिवशी डब्याला आतून गादीचा कापूस. सोमवारी सुट्टी, तर रिकामी गिरणी फिरवून हाच उद्योग.

"मुनीरभाई, पाच मिनिटं गिरणी बंद करा की. लगेच ऐकेल."

"बंद गिरणीत कोन बी ऐकंल, ताई. चालू गिरणीत ऐकलं तर खरं."

बंद तरी कशी करतील? दळण अर्ध्यात थांबवायचं नाही, हा त्यांचा कायदा. थांबवलं की पीठ जाड-बारीक पडतं म्हणे. लासूर स्टेशनहून जावई आला होता, तोसुद्धा गहू संपेपर्यंत दारात पिठानं माखत उभा राहिला.

"पण तुम्ही गिरणीतच आहात. मग गिरणीला फोन कशाला?"

"लागला पायजे."

"आणि सुपारी?"

"सुपारीबिगर काय फायदा?"

घरी येऊन मी वहीत दोन्ही प्रश्न लिहिले. 

परवा गेले तर खुंटीवर फोन नव्हता. माझी ज्वारी ओतता ओतता मुनीरभाई म्हणाले, "तिचाच फोन तो, तिच्यापाशी ठेवलाय. महिन्यामागं पलंगावरून घसरली, ओरडली. मला या आवाजात कळलंच नाय."

मागच्या खोलीत त्यांची बायको, शमीमभाभी असतात. अर्धांगाच्या झटक्यापासून अंथरुणाला खिळलेल्या, बोलणं जड झालेलं.

"माझं नाव कधी घेतलं नाय तिनं, आता काय घेनार? म्हणून तिच्या फोनात माझ्या खिशातल्या फोनच्या नंबराला 'चक्की' लिवलं. अन् फोनला शिकवायला रोज तिला किती दमवायचं? सुपारी धरली की माझं बोलनं तिच्यावानी होतं."

मी मागं गेले. भिंतीपलीकडं गिरणी गरजत होती. उशाशी तो कापसाचा डबा, आत फोन. भाभींनी माझ्याकडं पाहिलं, डब्याकडं पाहिलं आणि ओठांची एक बाजू उचलून सावकाश म्हणाल्या, "चक्की को फोन लगाओ."

थेट मुनीरभाईंचा महिनाभराचा आवाज.

आणि गिरणी थांबली.

दारात मुनीरभाई, भुवयांपर्यंत पांढरे, खिशात फोन थरथरतोय. "क्या हुआ? क्या हुआ?"

"कुछ नहीं," भाभी अर्ध्या तोंडानं हसल्या. "देखी, आते क्या."

मुनीरभाई पिठाच्या हातांनीच पलंगाच्या कडेला टेकले. गिरणी चालू करायला काही उठेनात.

शेवटी माझं पीठ अर्धं बारीक, अर्धं जाड निघालं. मी चिठ्ठी खिशात ठेवली आणि पिठाचा डबा उचलला.