दोन पेट्या आणि एक मास्तर

“अहो, माझी अंडी गारठली!” रहिनातू दारातून ओरडली.

“आणि माझी शिजायला लागलीत!” अंगणाच्या पलीकडून तिची जाऊ मेमुना ओरडली.

फुसेनीच्या हातातला बाजरीच्या पेजेचा वाडगा तोंडापाशीच थांबला. टमाले शहरातल्या तंत्रशाळेत तो मुलांना यंत्रांवर ताबा कसा ठेवायचा ते शिकवायचा, आणि त्याच्याच घरात ही बोंब! यंदा मानमोडीच्या साथीने आईच्या सगळ्या गिनी कोंबड्या नेल्या होत्या. उरली होती ती एवढीच अंडी, आणि त्यांतून आज-उद्या पिल्लं निघायची होती. ती गेली की घराण्यातला गिनी कोंबड्यांचा वंशच संपला.

कालच त्याने दोघींच्या उबवायच्या पेट्या कोठीत नेऊन ठेवल्या होत्या. वायरी मागच्या भिंतीतून बाहेर काढून प्रत्येकीच्या दारात ऊब दाखवणारं एक मीटर आणि ऊब कमी-जास्त करणारं एक बटण बसवलं होतं. “सोप्पं आहे. मीटर बघायचं. काटा खाली गेला तर बटण चढवायचं, वर गेला तर उतरवायचं. कोठीचं दार मात्र उघडायचं नाही, ऊब जाते,” असं त्याने छाती फुगवून सांगितलं होतं.

“मी बटण पार वर नेलं, तरी काटा खालीच!” रहिनातू म्हणाली.

“मी पार उतरवलं, तरी वर! ही मेली मुद्दाम करतेय काहीतरी!”

“मी? तुमचाच हात वाईट, जाऊबाई!”

“मीटरवर विश्वास ठेवा! यंत्र खोटं बोलत नाही,” असं बजावून फुसेनीने मोटरसायकलला किक मारली.

वर्गात त्याने फळ्यावर पेटी काढली. पेटीतून मीटरकडे बाण, मीटरवरून माणसाकडे बाण, माणसाच्या बटणावरून पुन्हा पेटीकडे बाण. शेजारी दुसरी पेटी काढली आणि त्याच्या हातातला खडूच गळून पडला. अरे देवा! मीटरच्या वायरी उलटसुलट जोडल्या होत्या! रहिनातू बघत होती मेमुनाची पेटी आणि तापवत होती स्वतःची. तिची तापली की मेमुना घाबरून आपली थंड करत होती. जितकी काळजी, तितका सत्यानाश!

वर्ग सोडून तो सुसाट घरी आला. दोघी चुलीपाशी होत्या. आपली चूक बायकांना कळायला नको म्हणून तो मांजरपावलांनी कोठीमागे गेला, मीटरच्या वायरींची अदलाबदल केली आणि शीळ घालत पुढच्या दाराने आला.

“कसं काय चाललंय?”

दोघी आपापल्या मीटरकडे वळल्या आणि एकदम किंचाळल्या.

“पुन्हा गारठली!”

“पुन्हा शिजली! अहो, आत्ता कुठे छान व्हायला लागलं होतं!”

“छान? कधीपासून?”

“तुम्ही गेलात तेव्हापासून,” रहिनातू म्हणाली. “मी बटण फिरवलं की जाऊबाई बोंबलायच्या. त्यांनी फिरवलं की मी. मग दोघींनी डोकं लावलं आणि कोठीमागे जाऊन मीटरच्या वायरींची अदलाबदल केली.”

फुसेनीचं तोंड कडू कारलं खाल्ल्यासारखं झालं. “मग... मला सांगायचं नाही?”

“तुम्ही विचारलंत कधी?”

मेमुनाने कमरेवर हात ठेवले. “भावजी, तुम्ही आत्ता कोठीमागे जाऊन त्याच वायरी पुन्हा उलट्या केल्यात ना?”

त्याने मान खाली घातली. तेवढ्यात कोठीतून बारीकसं ‘ची... ची...’ ऐकू आलं, मग आणखी एक. तिघांचेही डोळे लकाकले. आनंदाने बेभान होऊन फुसेनी वायरी पुन्हा नीट करायला धावला, हात पुढे केला आणि थबकला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने मागे वळून विचारलं, “बायांनो, आता कुठली वायर कुठे लावू?”

“हात लावू नका!” दोघी एका सुरात ओरडल्या.