वापरणाऱ्याची सही

भालेरावकाकांची सायकल दुरुस्तीला निघाली की तिच्या हँडलला लाल पाटी लटकायची, 'काम चालू आहे. हात लावू नये.' घरात माणसं दोनच, काका आणि सुमनकाकू. ही पाटी नक्की कोणासाठी, असं मी एकदा विचारलं. काका म्हणाले, "माझ्यासाठी. पहिला हात आपलाच वळवळतो."

काका अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्यात फिटर होते आणि मी तिथेच स्टोअरमध्ये कारकून. राहायला दोघंही बदलापूरला, एकाच चाळीत शेजारी शेजारी. मला त्यांनी नावाने कधी हाक मारली नाही. "ए स्टोअर," म्हणायचे. कारखान्यात पंप दुरुस्त झाला की रजिस्टरमध्ये दोन सह्या लागत, एक दुरुस्त करणाऱ्याची आणि दुसरी, ट्रायल घेऊन, वापरणाऱ्याची. तसलंच एक रजिस्टर काकांनी घरी ठेवलं होतं. स्टोव्हची पिन बदलली तरी ते सही ठोकत आणि वही काकूंपुढे धरत. 'सुमन भालेराव' एवढं लिहायला काकूंना बराच वेळ लागे. तेवढा वेळ काका वही धरून उभे राहत. चाळीत या प्रकाराला सगळे हसायचे, त्यात मीही होतो.

त्या वर्षी मे महिन्यात कारखाना आठ दिवस बंद राहणार होता. काकांचं आणि माझं सायकलवरून मुरबाड, माळशेज करत जुन्नरची लेणी बघायला जायचं ठरलं. मी माझ्या सायकलला तेल पाजून मोकळा झालो. काकांनी मात्र दीड महिना आधीच आपली सायकल उलटी केली. छर्रे रॉकेलमध्ये धुतले. चाकाची एकेक तार पेन्सिलीने वाजवून पाहिली. उल्हासनगरला फ्रीव्हील आणायला गेलो, तर ते कानाशी धरून फिरवत बसले. सिंधी दुकानदार कंटाळून म्हणाला, "साईं, लेना है के रेडिओ सुनना है?" काका शांतपणे म्हणाले, "इसका एक दाँत कम बोलता है." शेवटी चौथा पीस पसंत पडला.

निघायला तीन दिवस उरले, तेव्हा कुठे सायकल सुलटी झाली. काकांनी सही केली आणि वही काकूंपुढे सरकवली. काकूंनी सायकलभोवती एक फेरी मारली.

"कॅरिअर फार कडक हाये. मी नाय सही करत."

"रिमार्क आला," काका गंभीर होऊन मला म्हणाले. रात्रीपर्यंत कॅरिअरखाली रबराचे वॉशर बसले आणि वर जुन्या गादीचा तुकडा.

दुसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, "मागं पाय ठेवायला काय नाय."

सामानाला कशाला हवेत पाय, असं मला वाटलं. पण काकांनी मागच्या चाकाला दोन खुंट्या लावल्या. त्यांना वळकटीची दोरी छान गुंडाळता येईल, हे मी दाखवून दिलं आणि आम्ही दोघंही आमच्या हुशारीवर खूश झालो. काकूंनी वही मिटून पिठाच्या डब्यावर ठेवून दिली.

निघायच्या आदल्या दिवशीही सही नाही म्हटल्यावर मी वैतागलो. काकू पाण्याला गेल्या होत्या. "काका, सायकल तुमची, वही तुमची. तुम्हीच ठोका ना सही. कोण ऑडिट करणार आहे?"

काका पाटीची दोरी सोडत होते. ते थांबले. "स्टोअर, लग्न झालं तवा ती अंगठा लावायची. रेशनच्या दुकानात चार लोकांसमोर बोट काळं करताना मान वर करायची नाय. मी अक्षरं शिकवली, पण रोज सही करायला काम पायजे ना? म्हणून ही वही काढली. अर्ध्या वेळा तर स्टोव्ह चांगलाच असायचा." मग म्हणाले, "आता ती नाय बोलली आणि मी तरी गाडी काढली, तर तिच्या सहीला काय किंमत राहिली?"

इतकी वर्षं मी हसलो होतो, त्याची मला लाज वाटली.

काकू हंडा घेऊन आत आल्या. काकांनी सरळच विचारलं, "सुमन, प्रॉब्लेम काय हाय ते एकदा सांग."

"वापरणाऱ्याने ट्रायल घेऊन सही करायची, हे तुम्हीच शिकवलंत ना? मला एकदा तरी बसवून बघितलं?" हंडा खाली ठेवून त्या म्हणाल्या, "मला पण लेणी बघायचीत."

काका गादीच्या तुकड्याकडे बघत राहिले. मग खुंट्यांकडे. मी घाईघाईने माझा गुडघा दुखत असल्याचं जाहीर केलं.

ती दोघं पहाटे निघाली आणि चौथ्या दिवशी परत आली. जुन्नर काही झालं नाही. बारवी धरणापर्यंत पोचता पोचताच काकांना धाप लागली. मग तिथल्या एका पाड्यावर कोणाच्या तरी ओटीवर राहिले, धरण बघितलं, करवंदं खाल्ली आणि वळले. सायकल टेकवून काका थेट माझ्याकडे आले, वही घेऊन. काकूंची सही झाली होती आणि शेऱ्याच्या रकान्यात वाकड्या ओळीत लिहिलं होतं, 'गाडी चांगली आहे. चालवणारा दमतो. सावलीत थांबवत न्यावा.'

"नावाशिवाय पहिल्यांदाच काय तरी लिहिलंय तिने," काका म्हणाले.

मी वाचून वही परत दिली, तर ती तशीच उघडी धरून ते उभे राहिले. डोळे भरून आले होते.