मनःस्थिती: समाधानकारक

आठवड्यातून तीन दिवस, दर खेपेला चार तास, कंडक्टर डायलिसिसच्या खुर्चीत बसत. सारी नोकरी त्यांनी धावत्या बसमध्ये उभ्याने काढली होती. निवृत्तीनंतर दीडच वर्षात दोन्ही मूत्रपिंडं बसली आणि त्यांच्याबरोबर कंडक्टरही. हातात दोन सुया, दिवसाला मोजून एक लिटर पाणी आणि घरी जाताना पिळून काढल्यासारखं अंग. एवढ्यावर माणूस उदास झाला तर नवल नाही. नवल हे, की रुग्णालयाच्या डायलिसिस विभागाने त्याची अधिकृत दखल घेतली.

झालं असं, की तपासणी पथक येणार होतं. 'रुग्णांच्या मनाकडे लक्ष दिले जाते काय?' असा प्रश्न त्यांच्या यादीत होता. म्हणून मनाकडे लक्ष देणारा एकपानी अर्ज तातडीने छापून आला.

"काका, गेल्या पंधरा दिवसांत उदास वाटलं?" सिस्टरने विचारलं.

"रोजच वाटतं."

"भीती?"

"मशीन वाजलं की छातीत धडधडतं. झोप नाही. कधी कधी वाटतं, पुरे झालं, येऊच नये."

सिस्टरचं पेन थांबलं. कंडक्टरांनी हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. सिस्टरला वाईट वाटलं. पण अर्जात त्यासाठी रकाना नव्हता. तिने गुण मांडले; जितकी उदासी जास्त, तितके गुण जास्त. वीसपैकी अठरा.

नियमाप्रमाणे कंडक्टरांना समुपदेशकाकडे पाठवण्यात आलं. समुपदेशक सोमवार, बुधवार, शुक्रवार, नऊ ते एक, दुसऱ्या मजल्यावर. त्याच दिवशी, त्याच वेळी कंडक्टर पहिल्या मजल्यावर मशीनला जोडलेले. समुपदेशक खाली येतील का, असं विचारल्यावर लेखी उत्तर आलं: 'रुग्णाने स्वतः चालत येणे हा उपचाराचा भाग आहे.' तीनदा न गेल्यावर 'सहकार्य नाही' असा शेरा पडला. शेऱ्याचे दोन गुण. वीसपैकी वीस.

व्यवस्थापक धावत आले. "काका, तुमच्या एकट्याच्या गुणांमुळे तक्त्यावर अख्खा विभाग लाल झालाय. बाकीचे सगळे पेशंट हिरवे आहेत. जरा मनावर घ्या की!"

"मनावर घेतलंय, म्हणून तर ही गत आहे."

बायकोही म्हणाली, "अहो, लिहून टाका बरं वाटतंय म्हणून. ज्यांच्या हाती जीव, त्यांच्याशी वाकडं कशाला?"

शुक्रवारी कंडक्टरांनी सगळीकडे 'कधीच नाही'वर खूण केली. विभाग हिरवा झाला. पथकाने टाळ्या वाजवल्या.

सोमवारी कंडक्टर आले नाहीत. बुधवारीही नाहीत. नोंदवहीत लिहिलं गेलं: 'गैरहजर. मनःस्थिती समाधानकारक. चौकशीची आवश्यकता नाही.'

शेजारच्या खुर्चीत एक निवृत्त मुख्याध्यापिका असत. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. त्यांनी मोकळ्या हाताने कंडक्टरांच्या घरी फोन लावला.

"पाय सुजलेत, धाप लागतेय," बायको रडत म्हणाली. "भिंतीकडे तोंड करून पडलेत. कुणाचं ऐकत नाहीत हो."

"फोन त्यांच्या कानाला लावा. कंडक्टर, अर्ज खोटा भरलात ना?"

"हो."

"मीसुद्धा. घरी जाऊन नळ सोडून रडते मी."

"नळ कशाला?"

"सुनेला ऐकू जाऊ नये म्हणून."

कंडक्टर हसले, मग खोकले, मग हमसून रडले.

"आता गाडी करा आणि या," बाई म्हणाल्या. "तुम्ही गेलात तर मी खरं बोलायचं कुणाशी?"

तासाभरात ते आले. डॉक्टरांनी धावपळ करून मशीन लावलं. थोडक्यात वाचले.

त्या दिवसापासून दोघं चारही तास बोलत बसत. भीतीबद्दल, तहानेबद्दल, न येण्याच्या इच्छेबद्दलसुद्धा. आठवड्याने व्यवस्थापकांचं पत्र आलं. विनापरवाना समुपदेशन चालू असल्याने दोन खुर्च्यांमधलं अंतर वाढवण्यात आलं. त्यामुळे दोघांना मोठ्याने बोलावं लागतं, आणि ते बाकीच्या सहा खुर्च्यांना ऐकू जातं. गेल्या आठवड्यात आणखी चार हिरवे लाल झाले.

कंडक्टरांची उदासी गेलेली नाही. ते येतात, एवढंच. तरी हे वाचून 'चला, शेवट गोड झाला' असं तुम्हाला हायसं वाटलं असेल, तर व्यवस्थापकांच्या कार्यालयात एक जागा रिकामी आहे. अर्ज करून पाहा.