व्याकरणाचा तांबूल

मुलांसाठी व्याकरणाचा अभ्यासक्रम निवडायला असा कितीसा वेळ लागतो? प्रमोदिनीच्या अंदाजाने एक आठवडा, आणि तोही तिने ऐसपैस धरला होता. ती मूळची पुण्याची. कुठलीही गोष्ट घ्यायची तर तीन ठिकाणी बघायची, तिन्हीकडे मान डोलवायची आणि त्यातल्या दोघांना गोड बोलून वाटेला लावायचं, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. गॅसची शेगडी तिने अशीच घेतली होती. नवराही साधारण असाच घेतला, असं ती मैत्रिणींना सांगायची.

नवरा म्हणजे रणजीत, इकडे कानडी मुलखात चामराजपेटेतल्या जुन्या मराठी घराण्यातला. त्याचे पूर्वज इकडे कधी उतरले ते आता कुणालाच नीट सांगता येत नाही. घरात मराठी बोलतात, पण तिच्यात कानडी इतकी मुरलेली की लग्नानंतर पहिलं वर्षभर प्रमोदिनी प्रत्येक वाक्याला नुसतीच हसत असे.

त्यांची दोन मुलं, अक्षरा आणि यशोवर्धन, शाळेत जात नव्हती. यशोवर्धन शाळेत असताना रोज सकाळी त्याच्या पोटात दुखायचं. डॉक्टर झाले, ओवा झाला, दृष्ट काढून झाली. शेवटी प्रमोदिनीने दोघांना शाळेतूनच काढलं आणि पोट दुखायचं थांबलं. तेव्हापासून ती त्यांना घरी शिकवत होती. सकाळी अपूर्णांक, दुपारी ज्वालामुखी आणि मधल्या वेळात कुकर. संध्याकाळ झाली की तिला वाटे, आपल्यालाच कुणीतरी पिळून दोरीवर वाळत घातलंय. पण पोरगा सकाळी हसत उठायचा, आणि तेवढ्यासाठी ती हे सगळं ओढत होती.

सासूबाईंना, म्हणजे जमनाबाईंना, हे घरचं शिक्षण मुळीच पसंत नव्हतं. एका लग्नात कुणीतरी यशोवर्धनला विचारलं, मराठीचा अभ्यास काय करतोस? तो म्हणाला, मराठी तर आम्ही बोलतोच की. चारचौघांत हशा झाला आणि जमनाबाईंनी घरी येऊन निकाल दिला. विजयादशमीपर्यंत मराठी व्याकरणाची नीट सोय झाली तर ठीक, नाहीतर पोरं गल्लीच्या तोंडाच्या शाळेत जातील. हेडमास्तरांशी त्या बोलूनही आल्या होत्या.

म्हणून नवरात्रात तीन शिक्षकांना नमुन्याचा धडा घ्यायला बोलावणं गेलं. दिवाणखान्यात इकडच्या रीतीने नवरात्रातल्या बाहुल्यांच्या पायऱ्या मांडलेल्या, त्यामुळे धडे त्यांच्या पायाशी सतरंजीवर झाले.

पहिले आले भीमाचार्य. आयुष्यभर मुलांना शिकवून निवृत्त झालेले, आवाज असा की वरच्या पायरीवरचा लाकडी राजा हलला. त्यांचा अभ्यासक्रम म्हणजे पाठांतर. समजणं आपोआप येतं, चाळिशीपर्यंत येतंच, असं त्यांनी आश्वासन दिलं. दुसरी शालन, इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या फ्लॅटमध्ये राहणारी, स्वतःच्या मुलाला घरी शिकवणारी. तिच्याकडे पुस्तकच नव्हतं, ढोलकी होती. नियम सांगितले की मूल कोमेजतं, असं तिचं म्हणणं होतं. तिसऱ्या निपाणीकडच्या निवृत्त मुख्याध्यापिका सकवारबाई. त्या मराठी आणि कानडी शेजारी शेजारी ठेवून फळ्यावर शिकवत, आणि हातातली पट्टी कुणाला न लावता नुसती दाखवत.

पहिला धडा सुरू व्हायच्या आधी जमनाबाई गुडघ्याला तेल लावून आत आडव्या झाल्या होत्या. जाताना त्यांनी बजावलं, "दसऱ्याचे दिवस आहेत. घरी आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवू नको. तांबूल दे."

प्रमोदिनीने मनाशी म्हटलं, एकदा तरी या बाईंना आपल्यात खोट काढायला जागा ठेवायची नाही. तिने चांदीचं ताट काढलं. विड्याची पानं, सुपारी, फळं आणि मधोमध शेंडीचा नारळ. शिवाय ही शिक्षक मंडळी, म्हणून ताट दोन्ही मुलांच्या हातात देऊन त्यांना वाकून नमस्कार करायला लावला. तिघांच्याही बाबतीत हेच, आणि तिन्ही वेळा सासूबाई आत आडव्या. भीमाचार्यांचे डोळे भरून आले. शालनने तिकडच्या शेजारणींकडून इथली रीत शिकून घेतली होती, तिने ताट कपाळाला लावलं. सकवारबाई म्हणाल्या, "सरी, बरं, विजयादशमीला येते." तसं तिघंही म्हणाली. प्रमोदिनीला वाटलं, सोनं द्यायला येत असतील. किती अगत्याची माणसं आहेत या गावात, असं ती रात्री रणजीतला म्हणालीसुद्धा.

आठवडा सरता सरता तिने सकवारबाईंना पसंत केलं. उरलेल्या दोघांना पाठवायचे गोड निरोप फोनवर तयार होते. सणासुदीला नकार कशाला, म्हणून ते दसऱ्यानंतर पाठवायचे होते.

विजयादशमीला सकाळी दार वाजलं. भीमाचार्य नव्या उपरण्यात, हातात तांदळाचं तबक. त्यांना आत बसवते तोच सकवारबाई आल्या, फळा रिक्षातून उतरवून घेत. पाठोपाठ ढोलकी ऐकू आली. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग प्रमोदिनीकडे. तिने तिघांना पाणी दिलं आणि ती स्वयंपाकघरात सासूबाईंच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"ताट पोरांच्या हातून दिलंस?" जमनाबाईंनी विचारलं.

"हो. नमस्कारही करायला लावला."

"तिघांना?"

"तुम्हीच म्हणालात ना, तांबूल दे म्हणून."

"अगं, पाहुण्याला तू आपल्या हाताने द्यायचा. पोरांनी नारळ दिला म्हणजे गुरू ठरला, आणि विजयादशमीला तांदळात श्रीगणेशा. आमच्याकडे लग्नंसुद्धा नारळावर ठरतात."

प्रमोदिनीने हळूच विचारलं, दोघांचा परत घेता येईल का? जमनाबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की ती चहाचं आधण ठेवायला वळली. ठरलेला गुरू दारातून परत पाठवला, हे गल्लीत कळलं असतं तर त्यांना देवळात जायची सोय राहिली नसती.

त्यामुळे तिघंही राहिली. पहाटे भीमाचार्य, दुपारी शालन, दिवेलागणीला सकवारबाई. सकाळी पाठ झालेले नियम दुपारी शालन ढोलकी बडवून विसरायला लावी आणि संध्याकाळी सकवारबाई ते कानडीसकट पुन्हा बसवत. आधीच्याने मुलांचं कसं वाटोळं केलंय हे प्रत्येक जण प्रमोदिनीला बाजूला घेऊन सांगे, आणि ती तिघांनाही हो म्हणे.

एवढ्यावर भागलं असतं. पण चामराजपेटेत येतच आहोत तर, म्हणून शालनने आपल्या इमारतीतली मुलं आणायला सुरुवात केली. ते पाहून भीमाचार्यांनी आपले जुने विद्यार्थी इथेच बोलावले. शेजारच्या कावेरी अक्कांना मराठीचं अक्षर येत नव्हतं, पण मुलगी घरात 'स्वल्प', म्हणजे जरा, फारच दंगा करते म्हणून त्यांनी तिलाही पाठवली. दारात चपलांचा ढीग पडू लागला. सकवारबाई आता सकाळीही येऊ लागल्या आणि देवघरातली घंटा तासाला वाजवू लागल्या. प्रार्थना सुरू झाली. एवढ्या मुलांना उपाशी कसं ठेवणार, म्हणून मधल्या सुट्टीचा उपमा प्रमोदिनीकडे आला. घरून काम करणारा रणजीत एके दिवशी खोलीतून बाहेर आला तो करंगळी वर करूनच, आणि सकवारबाईंनी मान हलवल्याशिवाय पुढे गेला नाही.

सगळ्यात कायापालट झाला तो जमनाबाईंचा. गुडघेदुखी विसरून त्या दारात खुर्ची टाकून बसू लागल्या. उशिरा येणाऱ्याला त्या उंबऱ्याबाहेर उभं करत, नखं तपासत. गल्लीतल्या बायका त्यांना विचारून जात, जागा आहे का? आणि त्या मोठ्या तोऱ्यात सांगत, आत्ता नाही.

मग एका सोमवारी सकाळी यशोवर्धन अंथरुणातच बसून राहिला.

"आई, पोटात दुखतंय."

प्रमोदिनी त्याच्याजवळ बसली. बाहेर भीमाचार्यांचा आवाज चढला होता.

"आम्हाला शाळेत घाल ना," तो म्हणाला. "तिथे शाळा सुटली की घरी तरी जाता येतं."

अक्षराने शेजारच्या पांघरुणातून होकाराची मान डोलवली.

प्रमोदिनी तशीच उठून सासूबाईंकडे गेली. मुलं शाळेत घालू या, असं एकदाचं म्हणाली. ज्या वाक्यापासून इतके दिवस पळाली, तेच आपण होऊन बोलताना तिला रडू आवरेना. निदान आता तरी या बाई खूश होतील, असं तिला वाटलं.

जमनाबाईंनी एका मुलाची नखं तपासून त्याला आत सोडलं आणि सुनेचा हात प्रेमाने धरला.

"शाळेत कशाला गं? तूच सांगत होतीस ना, पोरं घरी छान शिकतात. तेव्हा नाही पटलं मला. आता पटलं. मी हेडमास्तरांना सांगून आले, आमची पोरं काही येत नाहीत. आणि तांबूल दिलाय. पुढच्या दसऱ्यापर्यंत तर विषयच नाही."

हे ऐकायला प्रमोदिनी किती नवस बोलली होती. आत घंटा झाली आणि सकवारबाईंचा निरोप आला, आज मुलं जास्त आहेत, रवा जरा वाढवा. प्रमोदिनीने कढई चढवली आणि रवा परतायला घेतला. परतता परतता आपल्याही पोटात बारीक दुखतंय असं तिला वाटायला लागलं.