समजाभाईंचा माल्टा

आमच्या बिल्डिंगची लिफ्ट तळमजल्यावरून चौथ्या मजल्यावर यायला जेवढा वेळ घेते, तेवढा वेळ इब्राहिमभाई मुकादम माझ्याशी फोनवर बोलत असतात. रोज. "सर, शिरतोय." मग दार लागल्याचा खडखडाट. "सर, हललो." मग नुसता श्वास. आणि शेवटी, विमानाची चाकं धावपट्टीला टेकावीत तशा सुटकेने, "उतरलो, ठेवतो." फोन ठेवून ते माझ्या दारावरून चालत समोरच्या स्वतःच्या घरात जातात.

"अहो, जिना आहे की," मी एकदा म्हटलं.

"जिन्यात समजा घसरलो, तर गडगडत कुठवर जाईन? लिफ्टमध्ये निदान पडायला जागा तरी नाही."

"समजा" हा त्यांच्या बोलण्यातला श्वास. समजा गॅस चालू राहिला. समजा सोसायटीच्या टाकीत पाल पडली. बिल्डिंगमधली पोरं त्यांना समजाभाई म्हणतात. ते इब्राहिमभाईंना ठाऊक आहे, आणि पोरांनी जिन्यावरून धावू नये, एवढंच त्यांचं त्यावर म्हणणं आहे.

माणूस दिसायला मात्र दणकट. सहा फुटांच्या आसपास उंची, मेंदी लावलेली दाढी, हाताचे पंजे फावड्यासारखे. बावीस वर्षं कुवेतला एसीची कामं केली. तिथल्या लढाईत काही बघितलं असेल म्हणून बिचारे असे झाले, असं आमचे सेक्रेटरी दबक्या आवाजात सांगत. मी एकदा धीर करून विचारलं. "लढाई? तेव्हा मी सुट्टीवर पनवेलला होतो, सर. पापलेट खात होतो."

त्यांच्याबरोबर बाहेर पडणं हा एक स्वतंत्र अनुभव असतो. कळंबोलीच्या सिग्नलला न्हावा शेव्याचा कंटेनर आमच्या रिक्षाशेजारी येऊन थांबला, की इब्राहिमभाई खाली उतरतात. कंटेनर आपल्या अंगावर कलंडेल या भीतीने फुटपाथवरून पुढे चालत जातात आणि सिग्नल सुटल्यावर पुढे उभे राहून आमची रिक्षा थांबवतात. रिक्षावाला मीटरकडे बघावं की यांच्याकडे, या विचारात पडतो. सोसायटीची सहल कर्नाळ्याला गेली तेव्हा ते पायथ्याशीच थांबले. "वर मधमाश्यांची पोळी आहेत. समजा उठल्या?" आम्ही किल्ला बघून उतरलो, तर हे बसच्या सगळ्या काचा बंद करून, घामाने निथळत, आत एकटेच बसलेले.

अशा माणसाने माझ्याबरोबर माल्ट्याला यायचं कबूल केलं, तेव्हा आमच्या मंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, ते खरंच वाटेना.

झालं असं, की आमची गौरी माल्ट्यात नर्स आहे. भूमध्य समुद्रातलं एवढंसं बेट. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, तेव्हा बाबांनी एकदा येऊन तिथले किल्ले बघावेत, असा तिचा हट्ट. मंदाच्या गुडघ्यांना ते जमणारं नव्हतं, आणि माझ्या हृदयात आदल्या वर्षी स्टेंट बसवल्यामुळे मला एकट्याला सोडायला ती तयार नव्हती. हे सगळं आमच्या घरात चहा पिताना बोलणं चाललं होतं. इब्राहिमभाईंनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "मी जातो सरांबरोबर." म्हणाले आणि स्वतःच दचकले.

विमानात त्यांनी सीटखालचं लाइफ जॅकेट आहे की नाही हे हात घालून तपासलं. माझंही तपासलं. पलीकडच्या बाईंचं तपासायला वाकले, तेव्हा मी त्यांना आवरलं.

माल्ट्यात गौरीला एका दिवशी ड्यूटी होती, म्हणून तिने आम्हा दोघांपुरती एक गाडी आणि एक गाईड ठरवून दिली. कार्मेन नावाची पन्नाशीची बाई, उन्हाने रापलेली, इंग्रजी घडाघडा बोलणारी. गाडीही तीच चालवत होती. तिथे आपल्यासारखीच डावीकडून गाडी चालवतात, हे बघून इब्राहिमभाईंना पहिल्यांदा जरा बरं वाटलं. त्यांनी माझा पट्टा ओढून बघितला आणि वरची कडी दोन्ही हातांनी धरली.

पहिल्यांदा आम्ही मोस्ता गावच्या चर्चमध्ये गेलो. भलामोठा घुमट. महायुद्धात तो फोडून एक बॉम्ब थेट आत पडला. आत माणसं प्रार्थनेला जमली होती. बॉम्ब फुटलाच नाही, सगळे वाचले. कार्मेनने हे अगदी भारावून सांगितलं. आतल्या खोलीत तसलाच एक बॉम्ब बघायला ठेवला होता.

"समजा फुटला असता?" इब्राहिमभाईंनी विचारलं. मी इंग्रजीत सांगितलं.

"पण नाही फुटला!" कार्मेन म्हणाली.

"ते झालं. पण हा जो ठेवलाय, तो नक्की रिकामा आहे ना? विचारा, सर."

कार्मेन हसली. हे हसले नाहीत. बॉम्बकडे पाठ न करता ते उलट्या पावलांनी दारापर्यंत गेले आणि मलाही हाताला धरून नेलं.

तिथून रबात. या गावाखाली दगडात कोरलेली जुनी थडगी आहेत, भुयारांमागून भुयारं. अरुंद पायऱ्या उतरून जायचं. बाहेर ऊन रणरणत होतं आणि त्या तोंडातून गार, ओलसर हवा येत होती. इब्राहिमभाई पहिल्या पायरीवर थबकले. ओठ हलू लागले. म्हटलं, तुम्ही वरच थांबा. मी कार्मेनच्या मागे उतरलो, तर माझ्या मागे जड पावलं वाजली. हे भिंतीला पाठ घासत येत होते. डोळे घट्ट मिटलेले आणि एक हात माझ्या खांद्यावर.

खाली नवरा-बायकोला शेजारी शेजारी निजवायला कोरलेली जोडथडगी होती. उशांच्या जागी दगडातच खळगे. पलीकडे दगडाचं एक गोल मेज होतं. मेलेल्यांच्या आठवणीत घरची माणसं इथे बसून जेवायची, असं कार्मेन म्हणाली. मी ते मराठीत सांगितलं. इब्राहिमभाईंनी डोळे उघडले, त्या जोडथडग्याकडे बघितलं आणि पुन्हा मिटले.

तिथेच कुठेतरी माझ्या छातीत आवळल्यासारखं झालं. छत डोक्याला लागत होतं. हवा पुरेना. मी भिंतीला टेकलो आणि कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने छातीवर हात ठेवला. स्टेंटवाल्या माणसाला त्या क्षणी काय वाटतं, ते सांगता येत नाही. आपण जमिनीखाली आहोत, एवढंच डोक्यात घुमत होतं. थोड्या वेळाने कळ ओसरली. वर आल्यावर मी काही बोललो नाही. गौरीला कळलं असतं, म्हणजे मंदाला कळलं असतं.

जवळच इम्दिना आहे, तटबंदीतलं जुनं शहर. नाव ऐकून इब्राहिमभाई चमकले. "मदिना?" अरबांनीच ठेवलेलं नाव, कार्मेन म्हणाली, आमच्या भाषेत अजून कितीतरी शब्द अरबी आहेत. एरवी ते यावर खूष झाले असते. पण ते माझ्याकडेच बघत होते.

वेशीतून आत गेलो. मधाच्या रंगाच्या उंच भिंती, बंद दारं, आणि गल्ल्या अशा वळणावळणाच्या, की पुढचं माणूस पटकन दिसेनासं व्हावं. गाड्या जवळजवळ नाहीत. आपल्याच बुटांचा आवाज भिंतीवरून परत यायचा. कार्मेन एका दारावरची पितळी कडी दाखवत होती. मी वळून बघितलं, तर इब्राहिमभाई नव्हते.

पहिल्यांदा हसू आलं. फोन लावला. लागला, वाजत राहिला, कुणी उचलेना. मग आठवलं. समजा बॅटरी संपली, म्हणून त्यांनी तो गाडीत चार्जिंगला लावला होता.

कार्मेन एका बाजूला गेली, मी दुसऱ्या. हाक मारली. "इब्राहिमभाई!" हाक गल्लीतून फिरून माझ्याकडेच आली. एक वळण, दुसरं वळण, सगळ्या गल्ल्या सारख्या. लिफ्टमध्येही फोनवर सोबत घेतल्याशिवाय न शिरणारा माणूस. इंग्रजी मोडकंतोडकं. समजा चक्कर आली. समजा तटावरून तोल गेला. समजा एखाद्या उघड्या तळघरात... मी थांबलो. गेली कित्येक वर्षं ज्या शब्दाला हसत होतो, तोच आता मला धरून पळवत होता. छातीत पुन्हा आवळायला लागलं. त्यांच्या मुलाला दोह्याला फोन करून काय सांगायचं, याची वाक्यं मनात तयार होऊ लागली.

तेवढ्यात कार्मेनची हाक आली.

एका हिरव्या दारासमोर, गल्लीतच, वेताच्या खुर्चीवर इब्राहिमभाई बसले होते. शर्टाची वरची बटणं उघडी. काळ्या झग्यातली, त्यांच्या निम्म्या उंचीची एक म्हातारी त्यांना पुठ्ठ्याने वारा घालत होती. दुसऱ्या हाताने पाण्याचा पेला त्यांच्या तोंडाला लावत होती. ते उठायला गेले, की खांदे दाबून पुन्हा बसवत होती.

"सर!" ते मला बघून ओरडले. "ही मला उठूच देत नाही!"

कार्मेनने म्हातारीशी बोलून उलगडा केला. या गृहस्थाने एकामागून एक दारं वाजवत "तबीब, तबीब" असा धोशा लावला होता. तबीब म्हणजे डॉक्टर. कुवेतच्या अरबीतही तोच आणि माल्ट्याच्या भाषेतही तोच. म्हातारीने दार उघडल्यावर यांनी छातीवर हात ठेवून "कल्ब, कल्ब", म्हणजे काळीज, काळीज, म्हटलं. तिला वाटलं, यांचंच काळीज जातंय. तिने धरून बसवलं.

"माझं नाही, बाई!" इब्राहिमभाई मराठीत तिला कळवळून सांगत होते. "सरांचं! भुयारात हात ठेवला होता छातीवर. मी बघितलं."

"तुमचे तर डोळे मिटलेले होते," मी म्हटलं.

"मधेमधे उघडत होतो."

कार्मेनचा चेहरा बदलला. तिने मला त्याच खुर्चीत बसवलं. म्हातारीने लगेच पुठ्ठ्याची दिशा बदलली. पाच मिनिटांत कार्मेनने गाडी वेशीशी आणली, आणि तिथून आम्ही जवळच्या दवाखान्यात.

बाकावर आम्ही दोघं वाट बघत बसलो. कार्मेन गौरीला फोन लावायला बाहेर गेली होती. इब्राहिमभाईंच्या दाढीतून घाम गळत होता.

"एकटे कशाला गेलात?" मी विचारलं. "मला सांगायचं."

"तुम्ही म्हणाला असतात, काही नाही, गॅस आहे."

खरं होतं. तेच म्हणालो असतो.

"झुबेदा तेच म्हणाली होती," ते समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले. झुबेदा म्हणजे त्यांची बायको. मी त्यांना ओळखायला लागलो, त्याच्या आधीच ती गेली होती. "सुट्टीवर आलो होतो. जेवायला बसलो होतो दोघं. तिनं असाच हात ठेवला. म्हणाली, गॅस झालाय. मी म्हटलं, बरं, ओवा खा. आणि जेवत राहिलो, सर. पोटभर जेवलो." त्यांनी पालथ्या हाताने दाढी पुसली. "तेव्हा मला कसलीच भीती वाटायची नाही."

नर्सने माझं नाव पुकारलं. ईसीजीसाठी बूट-मोजे दाराशीच काढायला सांगितले. मी आत जाऊन पडलो. छातीला, पायांना वायरी लावल्या. कागद सरकत बाहेर येत होता. त्याच्यावरच्या रेघांकडे बघायचा मला धीर होईना. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने तो कागद दोनदा वाचला, रक्त तपासायला घेतलं, त्याचा निकाल येईपर्यंत मला पडूनच राहायला लावलं. मग म्हणाली, हृदय ठीक आहे. ऊन, पायऱ्या आणि कोंदट हवा. पाणी प्या, आज आणखी चढउतार नको.

मी अनवाणीच बाहेर आलो. इब्राहिमभाई त्याच बाकावर बसले होते. माझे धुळीने माखलेले बूट त्यांनी मांडीवर घेतले होते आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरले होते, तान्हं मूल धरावं तसे.

"ठीक आहे," मी म्हटलं. "काही नाही निघालं."

त्यांनी मान हलवली. थोड्या वेळाने बाकावरून उतरून ते खाली बसले आणि बूट माझ्या पायांपुढे ठेवले.

"राहू द्या हो," मी पाय बुटांत सरकवत म्हटलं.

"वाकू नका तुम्ही," ते म्हणाले, आणि माझ्या बुटांच्या नाड्या बांधू लागले. गाठ बसत नव्हती. सुटत होती, पुन्हा बांधत होते. मी हात त्यांच्या खांद्यावर ठेवला आणि पाय हलवला नाही.